हिवाळी सहली आणि हवामानाचा अंदाज

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरल्या की सहलींचे बेत सुरू होतात. पावसाळ्यात वाटा निसरड्या असतात, उन्हाळ्यात ऊन सोसवत नाही. त्यामुळे मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ डोंगर चढण्यास व नदीकाठी मुक्काम करण्यास सर्वांत सोयीचा मानला जातो. गोमंतकातून चोर्ला घाट, दूधसागर व तिळारी. बेळगाव-खानापूर भागातून आंबोली व दांडेली. इंदूरकडून ओंकारेश्वर व पचमढी. बडोद्याहून पावागड व नर्मदाकाठ अशा ठिकाणी शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परतणाऱ्या मंडळींची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. त्यांत विद्यार्थ्यांच्या सहली मोठ्या प्रमाणावर असतात.

अशा सहलीची आखणी करताना गाडी, जेवण व मुक्काम यांचा विचार होतो; हवामानाचा सहसा होत नाही. आकाश निरभ्र आहे, पाऊस नाही, मग हवामान कशाला पाहायचे, असे म्हटले जाते. हा समज सोयीचा असला तरी खरा नाही. हिवाळ्यातील बहुतेक अडचणी वादळवाऱ्यातून येत नाहीत, तर निरभ्र आकाशातूनच जन्मास येतात. आणि नदीवरील धोका तर पुष्कळदा दुसऱ्याच जिल्ह्यातून वाहत येतो. हवामान खात्याच्या अंदाजात यांपैकी बरीच माहिती असते. मात्र तो अंदाज जिल्ह्यासाठी दिलेला असतो. तो आपल्या डोंगरापर्यंत व नदीच्या काठापर्यंत उतरवून घेण्याचे काम सहल नेणाऱ्याचे असते.

अंदाज व त्याची भाषा

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. कलकत्ता, सिमला, पुणे व अखेर दिल्ली असा त्याच्या मुख्यालयाचा प्रवास झाला. सिमल्याहून १९२८ मध्ये मुख्यालय पुण्यास आले, म्हणून शिवाजीनगर भागातील ती इमारत व तेथील चौक आजही ‘सिमला ऑफिस’ या नावाने ओळखला जातो. आता प्रत्येक राज्यासाठी स्वतंत्र केंद्रे आहेत. गोव्याचे केंद्र पणजीत आल्तिनो येथे आहे. बेळगाव व कारवार या जिल्ह्यांचा अंदाज बंगळूरहून, सिंधुदुर्ग व कोल्हापूरचा महाराष्ट्रातील केंद्राकडून, तर इंदूर व ग्वाल्हेरचा भोपाळहून प्रसिद्ध होतो. ही वार्तापत्रे संकेतस्थळावर व २०२० पासून ‘मौसम’ या मोबाईल उपयोजनावर कोणासही विनामूल्य पाहता येतात.

जिल्हावार इशारे चार रंगांत दिले जातात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे. नारिंगी म्हणजे सज्ज राहावे. आणि लाल म्हणजे तातडीने कृती करावी. रंगांचा अर्थ आता बहुतेकांस ठाऊक झाला आहे. शब्दांच्या बाबतीत मात्र घोटाळा होतो. विशेषतः ‘तुरळक’ हा शब्द अनेकांची दिशाभूल करतो. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ असे वाचले की दोन-चार थेंब पडतील, असे वाचणारा समजतो. प्रत्यक्षात तो शब्द पावसाच्या जोराविषयी नसून क्षेत्राविषयी आहे. त्या भागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी एकचतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ होय. ज्या थोड्या ठिकाणी तो पडेल तेथे तो जोराचाही असू शकतो. ‘हलका’, ‘मध्यम’ व ‘मुसळधार’ हे शब्द जोराचे निदर्शक आहेत. चोवीस तासांत साडेपंधरा मिलिमीटरपर्यंत हलका, सुमारे ६४ मिलिमीटरपर्यंत मध्यम व त्यापुढे मुसळधार अशी खात्याची वर्गवारी आहे. वर्गात भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांनी हा भेद मुलांना एकदा फळ्यावर मांडून दाखवला तरी पुष्कळ काम होईल.

निरभ्र रात्र

अंदाजात दिलेले किमान तापमान हे पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर ठेवलेल्या तापमापकाचे असते. पेटीच्या झडपांतून वारा खेळतो व तापमापकावर उघडे आकाश नसते. तंबूत किंवा उघड्या माळावर निजणारा माणूस मात्र जमिनीलगत असतो. निरभ्र व निर्वात रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे सोडते आणि तिच्या लगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनीही अधिक थंड होते. वेधशाळा हे गवतावरील किमान तापमान वेगळे मोजत आल्या आहेत, परंतु दैनंदिन अंदाजात ते येत नाही. बेळगावचे किमान तापमान १३ अंश असे वाचून त्या बेताने पांघरुणे घेणाऱ्या तुकडीस उघड्या सड्यावर आठ-नऊ अंशांची रात्र काढावी लागली, तर त्यात आश्चर्य नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. समुद्रसपाटीपासून वर जावे तसे तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटते. वाळपईहून चोर्ल्याच्या माथ्यावर जाताना साधारण सातशे मीटरची चढण होते, म्हणजे माथ्यावर चार-साडेचार अंश कमी धरावेत. हा हिशेब दिवसा बरोबर येतो. शांत रात्री मात्र तो उलटतो. थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून पाण्यासारखी खाली ओघळते व दरीच्या तळाशी साचते. डोंगराच्या मध्यावर ऊब आणि खाली खोलगटात कडाका, अशी स्थिती होते. भूगोलाच्या पुस्तकात ज्यास तापमानाची विपरीतता म्हटले आहे ती हीच. महाबळेश्वरचे उदाहरण प्रसिद्ध आहे. साडेतेराशे मीटरच्या आसपासच्या उंचीवरील त्या गावात पारा शून्याच्या बराच वर असताना, वेण्णा तलावाच्या खोलगट परिसरात दवबिंदू गोठून गवतावर व नौकांच्या धक्क्यावर पांढरा थर दिसतो. बातमीत ‘महाबळेश्वरात हिमकण’ असे छापून येते व वेधशाळेचा आकडा काही वेगळेच सांगतो. दोन्ही खरे असतात.

यावरून मुक्कामाच्या जागेची निवड कशी करावी हे उघड आहे. ओढ्याकाठचा सपाट, हिरवा तळ डोळ्यांस सुंदर दिसतो, पण रात्री सर्वांत थंड तोच असतो. त्यापेक्षा उतारावरचा, झाडांच्या आडोशाचा, थोडा उंचावरचा टप्पा बरा. झाडाची फांदी डोक्यावर असली तरी जमिनीची उष्णता निसटून जाण्यास काहीसा अटकाव होतो. पांघरुणाइतकेच अंथरूणही महत्त्वाचे आहे, कारण अंगातील ऊब खालच्या जमिनीत उतरते. घोंगडी दुमडून खाली घालण्याची धनगरांची रीत या दृष्टीने अगदी शास्त्रशुद्ध आहे.

पहाटेचे धुके

हिच थंड हवा नदीच्या ओलाव्यास भेटली की खोऱ्यात धुके धरते. पावसाळ्यातील आंबोलीचे धुके व हिवाळ्यातील धुके यांत फरक आहे. पावसाळ्यात ढगच घाटमाथ्यावर टेकलेले असतात, म्हणजे धुके वर आणि खाली मोकळे. हिवाळ्यात वर लख्ख चांदणे असते आणि म्हादईचे किंवा तिळारीचे खोरे कापसाने भरल्यासारखे दिसते. वरून पाहणाऱ्यास तो देखावा असतो. त्यातून गाडी खाली नेणाऱ्यास ती परीक्षा असते. माथ्यावर मैलभर दिसत असते, दोन वळणे उतरताच पुढच्या गाडीचे दिवेही दिसेनासे होतात.

हजार मीटरपेक्षा कमी अंतरावरचे दिसत असेल तर खाते त्यास धुके म्हणते. दृश्यमानता दोनशे मीटरच्या आत आली की ते दाट, आणि पन्नास मीटरच्या आत आली की अतिदाट. सह्याद्रीतील असे धुके ऊन चढताच, बहुधा आठ-नऊपर्यंत विरते. सहलीची बस मध्यरात्रीनंतर सोडून पहाटे घाट उतरवण्याची पद्धत, एक दिवस वाचावा म्हणून, सर्रास दिसते. चालकाची झोप आणि खोऱ्यातील धुके दोन्ही नेमक्या त्याच वेळी दाटून येतात. दोन तास उशिरा निघण्याने सहलीचे काहीही बिघडत नाही.

मावळतीचा हिशेबही असाच विसरला जातो. डिसेंबरात गोवा-बेळगाव भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो व त्यानंतर कामापुरता संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकतो. खोल दरीत ऊन त्याच्या तासभर आधीच निघून गेलेले असते. उतरणीची वाट चारपर्यंत धरावी, हा जुन्या वाटाड्यांचा नियम त्यामुळेच आहे.

दुपारचे ऊन व पूर्वेचा वारा

गोव्याच्या हिवाळ्याचे एक वैशिष्ट्य बाहेरून येणाऱ्यांस चकित करते. पणजीस जानेवारीत दुपारचे तापमान ३२-३३ अंशांपर्यंत सहज जाते व काही दिवशी त्याहून वर. या दिवसांत घाटावरून कोरडे पूर्वेचे वारे उतरतात; त्यांचा जोर असेपर्यंत समुद्रावरचे खारे वारे आत येऊ शकत नाहीत व दुपार तापते. पहाटे कानटोपी घालून निघालेली मुले दुपारी उघड्या कातळावर घामाघूम होतात. थंडीचे दिवस म्हणून पाणी मात्र कमी घेतलेले असते. हवा कोरडी असल्याने घाम लगेच सुकतो आणि शरीरातील पाणी घटत आहे हे ध्यानात येत नाही.

याच वाऱ्याने सड्यावरचे गवत वाळते. रात्रीच्या शेकोटीची ठिणगी पूर्वेच्या वाऱ्यावर किती दूर जाईल याचा नेम नसतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात व आसपासच्या डोंगरांवर अनेक ठिकाणी वणवे पेटले आणि ते विझवण्यासाठी हेलिकॉप्टरमधून पाणी टाकावे लागले. हिवाळ्याच्या अखेरीस जंगल कसे कोरडे झालेले असते, ते त्यावरून दिसून आले. अभयारण्याच्या हद्दीत आग पेटवण्यास मनाई आहेच. बाहेरही वारा असेल त्या रात्री शेकोटी नसलेली बरी.

नदी : आकाश एकीकडे, पाणी दुसरीकडे

नदीकाठच्या सहलीसाठी ज्या जिल्ह्यात उतरायचे त्याचा अंदाज पाहणे पुरेसे नाही. म्हादई बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावते व सत्तरीत उतरते. दूधसागरचा धबधबा सुमारे ३१० मीटर उंचीवरून गोव्यात कोसळतो, पण त्याचे पाणी वरच्या कॅसल रॉक भागात, म्हणजे कारवार जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, पडलेल्या पावसाचे असते. कुळ्याहून जीपने गेलेला प्रवासी पायथ्याच्या डोहात उतरतो तेव्हा त्याच्या डोक्यावरील आकाश गोव्याचे असते व अंगावरचे पाणी कर्नाटकाचे. म्हणून दूधसागरास जाणाऱ्याने कारवार जिल्ह्याचा, तर सत्तरीत म्हादईकाठी जाणाऱ्याने बेळगावचा अंदाज वाचणे इष्ट होय.

थोड्या पावसाने नदी किती वाढेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. एक साधे गणित करून पाहावे. दहा चौरस किलोमीटरच्या लहानशा पाणलोट क्षेत्रावर चाळीस मिलिमीटर पाऊस झाला तर चाळीस कोटी लिटर पाणी पडते. त्यातील काही भाग मुरला तरी उरलेले एका अरुंद ओढ्यातून जाते. डिसेंबरात असा पाऊस विरळा, पण अशक्य नाही. ‘ओखी’ चक्रीवादळ २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस उठले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्र चढला आणि ५ डिसेंबर रोजी मुंबई परिसरातील शाळांना पावसामुळे सुटी द्यावी लागली. अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा आहे, असे वार्तापत्रात दिसले की त्या शनिवार-रविवारी नदीचा बेत बदलून डोंगराच्या पायथ्याचा करावा.

हिवाळ्यातील नद्यांचा खरा प्रश्न मात्र पावसाचा नसून धरणांचा आहे. काळी नदीचेच पाहावे. म्हादईवर राफ्टिंग चालते ते पावसाळ्यात, कारण तिला पाणी पावसाचे. दांडेलीजवळ गणेशगुडी येथे काळीवर तोच खेळ पावसाळा ओसरल्यावर चालतो, कारण तेथील पाणी वरच्या सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी सोडलेले असते. जनित्रे चालू असली की नदी खळाळते, बंद झाली की दगड उघडे पडतात. नदीची वेळ आकाश ठरवीत नाही, विजेची मागणी ठरवते. राफ्टिंगचे जाणकार मार्गदर्शक विसर्गाची वेळ विचारूनच नावा सोडतात. आपल्या आपण काठावर उतरून उघड्या पडलेल्या दगडांवर डबा खाण्यास बसलेल्या मंडळींस मात्र याची कल्पना नसते. जे दगड कोरडे दिसतात तेच तासाभरात पाण्याखाली जाणारे असतात.

गावकऱ्यांना पूर ओळखण्याच्या खुणा माहीत असतात. पाणी गढूळ होते, पालापाचोळा व काटक्या वाहत येतात, आवाज बदलतो. ही खूण पावसाच्या पाण्यास लागू आहे. धरणात साठलेल्या पाण्यातील गाळ तळाशी बसलेला असतो, म्हणून तेथून सुटलेले पाणी स्वच्छच येते. गढूळपणाची वाट पाहत बसणारा फसतो. काठावरच्या एखाद्या दगडावर पाण्याची रेघ पाहून ठेवावी व दर काही मिनिटांनी तिच्याकडे नजर टाकावी. रेघ बुडाली की सामान आवरण्यातही वेळ घालवू नये. धरणाखाली बहुधा भोंग्याची सोय असते. भोंगा वाजला म्हणजे काठ सोडायचा, पाणी दिसेपर्यंत थांबायचे नाही, हे मुलांना बसमध्येच सांगून ठेवावे. काठाच्या कोणत्या बाजूला बस उभी आहे तिकडेच सर्वांनी राहावे. पलीकडे गेलेली दोन मुले परत आणण्यासाठी मोठी माणसे पाण्यात शिरतात, आणि मग संकट वाढते.

याविषयी दोन घटनांची आठवण ठेवणे आवश्यक आहे. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातील धाराजी येथे ७ एप्रिल २००५ रोजी भूतडी अमावास्येच्या यात्रेसाठी भाविक नर्मदेच्या पात्रात व खडकांवर जमले होते. रात्री वरच्या इंदिरा सागर धरणातून सोडलेले पाणी आले व साठांहून अधिक माणसे वाहून गेली. हिमाचल प्रदेशात बियास नदीवर लारजी धरणाच्या खाली ८ जून २०१४ रोजी सहलीस आलेले हैदराबादचे विद्यार्थी खडकांवर छायाचित्रे काढीत असताना असेच पाणी आले. चोवीस विद्यार्थी बुडाले. दोन्ही वेळा नदी पावसाने नव्हे, तर सोडलेल्या पाण्याने वाढली होती. इंदूर-खांडव्याकडून ओंकारेश्वरास जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. तेथील धरण घाटांच्या अगदी वरच्या अंगास आहे. बडोद्याकडील मंडळी सरदार सरोवराच्या खाली नदीकाठी जातात तेथेही वीजगृहाच्या चालण्यानुसार पाणी कमीजास्त होते.

हिवाळ्यात पाणी थंड असते हेही खरे, पण किती थंड यापेक्षा त्यात किती वेळ राहायचे हे अधिक महत्त्वाचे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. वीस अंशांची हवा सुखद वाटते, वीस अंशांच्या पाण्यात अर्ध्या तासाने दातखिळी बसते. ओठ निळसर झालेले, बोलणे अडखळलेले मूल पुन्हा पाण्यात जाऊ देऊ नये. ओले कपडे लगेच उतरवून कोरड्या कपड्यात गुंडाळावे व गोड, कोमट पेय द्यावे. चोळून ऊब आणण्याचा प्रयत्न करू नये.

माळव्यात व ग्वाल्हेरकडे

उत्तरेकडील वाचकांसाठी वेगळी सूचना आवश्यक आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात उत्तर भारतावरून सरकतात. त्यांचा परिणाम ग्वाल्हेर-चंबळ भागात व कधी कधी माळव्यापर्यंत होतो. झंझावात येताना ढग, पाऊस व क्वचित गारपीट होते व रात्रीचे तापमान उलट थोडे वाढते. तो पुढे गेला की आकाश स्वच्छ होते आणि उत्तरेचा वारा सुटून पारा झपाट्याने उतरतो. पाऊस थांबला, आता बेत करू, असे म्हणून निघणारा नेमका थंडीच्या लाटेत सापडतो. सपाट प्रदेशात किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून कमी झाले म्हणजे खाते थंडीची लाट जाहीर करते. चार अंशांपर्यंत घसरले तर सरासरी न पाहताही. पचमढी सुमारे एक हजार मीटर उंचीवर असल्याने तेथील रात्री मध्य प्रदेशातील सर्वांत थंड रात्रींत गणल्या जातात.

ग्वाल्हेरकडचे धुके सह्याद्रीतल्यासारखे आठ-नऊला विरत नाही. ते दुपारपर्यंत, कधी सलग काही दिवस टिकते, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात व दिवसाही ऊन मिळत नाही. तेथे परतीच्या दिवसाला जोडून एक दिवस हाताशी मोकळा ठेवणे व्यवहाराचे आहे.

शुक्रवारचा दिवस

अंदाज जितका लांबचा तितका ढोबळ. सोमवारी पाहिलेला अंदाज बेत ठरवण्यापुरता उपयोगी. निघायचे की नाही याचा निर्णय शुक्रवारी दुपारच्या वार्तापत्रावर घ्यावा. तोपर्यंत गाडीचे पैसे भरलेले असतात व मुले उत्सुक असतात, म्हणून निर्णय अवघड जातो. सहलीच्या परवानगीच्या अर्जातच पर्यायी ठिकाण लिहून ठेवण्याची प्रथा काही मुख्याध्यापक पाळतात. त्यामुळे आयत्या वेळी सहल रद्द न होता फक्त दिशा बदलते व पालकांचीही तक्रार राहत नाही.

विजांसाठी पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे उपयोजन आसपासच्या विजांची सूचना देते. परंतु घाटातील दऱ्यांत मोबाईलला संपर्क मिळत नाही, म्हणून रात्रीचा अंदाज शेवटच्या मोठ्या गावातच पाहून कागदावर उतरवून घ्यावा. मुक्कामाच्या गावच्या पंचायतीत तुकडीची संख्या, वाट व परतण्याची वेळ कळवून ठेवावी. वाटेत अडचण आल्यास ११२ या क्रमांकावर मदत मागता येते. धरणाखालच्या जागी जायचे असल्यास त्या दिवशी पाणी सुटणार आहे काय, याची चौकशी धरणाच्या कार्यालयात किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करावी, आणि उत्तर मिळाले नाही तर पाणी सुटणार असेच धरून चालावे.